टर्बोचा जनक आणि क्षणभराचा उशीर

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर खालापूरचा टोलनाका मागे पडला, की थोड्याच वेळात घाटाची चढण सुरू होते. पुढे कंटेनर लादलेला ट्रेलर कण्हत चाललेला असतो. उजवीकडची मार्गिका मोकळी दिसते, एसयूव्हीचा चालक अ‍ॅक्सिलरेटर दाबतो आणि काहीच घडत नाही. गाडी क्षणभर तशीच रेंगाळते. मग गिअर खाली येतो, इंजिनाचा सूर चढतो आणि गाडी एकदम अशी उसळते, की दाबलेला पाय घाईने मागे घ्यावा लागतो. तेवढ्यात मागून वेगाने आलेल्या मोटारीचा हॉर्न कानाशी वाजलेला असतो. गॅरेजमध्ये ही तक्रार ‘पिकअप नाही’ एवढ्या दोन शब्दांत सांगितली जाते. जाणकार तिला ‘टर्बो लॅग’ म्हणतात. ओव्हरटेक करताना हा क्षण महागात पडू शकतो, म्हणून ती केवळ हौशी चालकांची कुरकुर मानता येत नाही.

हा उशीर टर्बोचार्जरच्या जन्मापासून त्याच्या पाठीशी लागलेला आहे. टर्बोचार्जरचा जनक म्हणून ज्यांचे नाव अभियांत्रिकीच्या प्रत्येक पाठ्यपुस्तकात येते, त्या आल्फ्रेड ब्यूखी यांच्या आयुष्याची वीस वर्षे कल्पना आणि तिचे फळ यांच्यामधल्या अशाच एका दीर्घ प्रतीक्षेत गेली. त्या प्रतीक्षेच्या शेवटी त्यांना जे उत्तर सापडले, ते आजच्या मोटारींमध्येही वापरले जाते.

ब्यूखी यांचा जन्म ११ जुलै १८७९ रोजी स्वित्झर्लंडमधील विंटरथूर येथे झाला. झुरिकच्या ईशान्येला असलेले हे गाव तेव्हा यंत्रांचे गाव म्हणून ओळखले जात होते. १८३४ मध्ये स्थापन झालेला सुल्झर बंधूंचा कारखाना हे त्या गावाचे वैभव. आल्फ्रेड यांचे वडील योहान ब्यूखी याच कारखान्यात वरिष्ठ अधिकारी होते. साहजिकच वाफेची इंजिने, पंप, जहाजांची यंत्रे हे सारे मुलाच्या डोळ्यांसमोर वाढत होते. योगायोग असा, की ज्या वर्षी ब्यूखी जन्मले त्याच वर्षी म्युनिकचा एक विद्यार्थी विषमज्वरामुळे परीक्षा हुकल्याने मधला काळ सुल्झरच्या कारखान्यात उमेदवारी करत होता. त्याचे नाव रुडॉल्फ डिझेल. पुढे डिझेल यांनी जे इंजिन जगाला दिले, त्याला पुरेसा श्वास देण्याचे काम त्या वर्षी विंटरथूरमध्ये जन्मलेल्या बालकाच्या वाट्याला येणार होते. डिझेल यांचे इंजिन सिद्ध झाल्यावर सुल्झर कंपनीने १८९८ मध्येच आपले पहिले डिझेल इंजिन बांधले. ब्यूखी तेव्हा एकोणीस वर्षांचे होते.

पुढच्या वर्षी ते झुरिकच्या संघराज्य तंत्रशाळेत यंत्र अभियांत्रिकी शिकण्यासाठी दाखल झाले. आज ईटीएच या नावाने जगभर ओळखली जाणारी ती हीच संस्था. अल्बर्ट आईन्स्टाईन त्या वेळी तेथेच शेवटच्या वर्षात होते आणि १९०० मध्ये पदवी घेऊन बाहेर पडले. ब्यूखी यांच्या शाखेच्या दृष्टीने मात्र महत्त्वाचे नाव होते प्राध्यापक आउरेल स्टोडोला यांचे. वाफेच्या टर्बाइनवरचा त्यांचा ग्रंथ १९०३ मध्ये प्रसिद्ध झाला आणि त्या विषयाचा प्रमाणग्रंथ ठरला. त्याच वर्षी ब्यूखी पदवीधर झाले. पात्यांच्या चाकावर वाफ सोडून शक्ती मिळवणारे टर्बाइन हे त्या काळातले सर्वांत आधुनिक यंत्र होते. एकीकडे गावातले डिझेल इंजिन आणि दुसरीकडे झुरिकमधले टर्बाइन, अशा दोन यंत्रांच्या सान्निध्यात या तरुणाची जडणघडण झाली. त्या दोघांची सांगड घालण्याचा विचार त्याला सुचला यात नवल नाही. नवल आहे ते तो किती लवकर सुचला याचे.

शिक्षण संपल्यावर ब्यूखी यांनी बेल्जियम आणि इंग्लंडमध्ये नोकऱ्या केल्या. या काळात एका हिशेबाने त्यांना पछाडले होते. इंजिनात जाळलेल्या इंधनातून निघणाऱ्या उष्णतेपैकी ढोबळ मानाने एक तृतीयांश उष्णताच कामी येते. बाकीची काही थंड करणाऱ्या पाण्यात आणि बरीचशी जळालेल्या वायूंबरोबर धुराड्यातून निघून जाते. हे वायू केवळ गरम नसतात, त्यांच्यात दाबही शिल्लक असतो. तो दाब वाया का घालवायचा? त्या वायूंच्या वाटेत टर्बाइन बसवावे, टर्बाइनने हवा दाबणारे यंत्र फिरवावे आणि ती दाबलेली हवा इंजिनाला पाजावी, असा हा विचार होता. एक किलो डिझेल पूर्ण जळण्यासाठी सुमारे साडेचौदा किलो हवा लागते. इंधन हवे तेवढे ओतता येते, पण हवा मात्र सिलिंडर जेवढी ओढील तेवढीच. म्हणजे इंजिनाची खरी भूक हवेची आहे, हे ब्यूखी यांनी ओळखले.

१६ नोव्हेंबर १९०५ रोजी या कल्पनेची नोंद जर्मन साम्राज्याच्या पेटंट कार्यालयात झाली. पुढे तिला २०४६३० हा पेटंट क्रमांक मिळाला. हवा दाबणारा कॉम्प्रेसर, त्यामागे दट्ट्याचे इंजिन आणि त्यामागे टर्बाइन, अशी एकापाठोपाठ एक मांडणी त्यात वर्णिली होती. ब्यूखी यांचे वय तेव्हा सव्वीस होते. टर्बोचार्जरचा वाढदिवस म्हणून ही तारीख साजरी केली जाते आणि त्यात चुकीचे काही नाही. पण जन्माला आलेले हे मूल चालायला लागण्यास दोन दशके जावी लागली, हे त्या उत्सवात बहुधा विसरले जाते.

कारण सोपे होते. कागदावर बरोबर असलेले यंत्र धातूत उतरवण्याची तयारी त्या काळाची नव्हती. हवा दाबणाऱ्या चाकांची कार्यक्षमता इतकी कमी होती, की टर्बाइनने मिळवलेले कॉम्प्रेसर खाऊन टाकी. शेकडो अंश तापलेल्या वायूंच्या माऱ्यात हजारो फेऱ्या मारत टिकून राहील असे पोलाद सहज मिळत नव्हते. स्वित्झर्लंडला परतून सुल्झरमध्ये काम करू लागल्यावर ब्यूखी यांना प्रयोगाची संधी मिळाली. १९११ मध्ये तेथे प्रयोगाची सामग्री उभी राहिली. १९१५ मध्ये टर्बो लावलेले नमुना इंजिन तयार झाले. उंचावरच्या विरळ हवेत विमानाच्या इंजिनाची शक्ती घटते, ती भरून काढावी हाही त्यामागचा एक हेतू होता. पण तो नमुना भरवशाचा ठरला नाही आणि उत्पादनापर्यंत पोहोचला नाही.

त्याच वर्षी ब्यूखी यांनी बाडेन येथील ब्राउन बोव्हेरी कंपनीशी संधान बांधले. टर्बाइन आणि कॉम्प्रेसर बनवण्यात ही कंपनी वाकबगार होती. जे काम सुल्झरच्या इंजिनशाळेत जमत नव्हते ते टर्बाइनवाल्यांच्या हातून होईल, हा अंदाज बरोबर होता, पण कंपनीने हात पुढे करायला आठ वर्षे घेतली. या दरम्यान महायुद्धाच्या गरजेने इतरांनी हीच वाट धरली. फ्रान्सचे ओग्यूस्त रातो यांनी लढाऊ विमानांसाठी टर्बोचे पेटंट मागितले. अमेरिकेत सॅनफर्ड मॉस यांनी १९१८ मध्ये लिबर्टी जातीचे विमानइंजिन कोलोरॅडोतील पाइक्स पीक या सुमारे चौदा हजार फूट उंचीच्या शिखरावर नेऊन टर्बोच्या चाचण्या घेतल्या. ज्याची कल्पना पहिली त्याच्या हाती मात्र अजून चालते यंत्र नव्हते. चाळिशी उलटलेल्या अभियंत्याला ही वर्षे कशी गेली असतील, याची कल्पना करता येते.

परिस्थिती पालटली ती १९२३ च्या सुमारास. डिझेल इंजिनाला कमी दाबाची जादा हवा पुरवून जर्मनीत घेतलेल्या चाचण्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि ब्राउन बोव्हेरीचा निर्णय पक्का झाला. नेमक्या त्याच वेळी विंटरथूरच्या स्विस लोकोमोटिव्ह अँड मशीन वर्क्स, म्हणजेच एसएलएम, या कारखान्याला आपल्या प्रायोगिक इंजिनासाठी अशा यंत्राची गरज होती. जून १९२४ मध्ये बाडेनहून व्हीटी ४०२ या नावाचा टर्बोचार्जर विंटरथूरला रवाना झाला. अवजड इंजिनासाठी बनलेला हा जगातला पहिला टर्बोचार्जर मानला जातो. एसएलएम हे नाव महाराष्ट्रालाही अगदीच परके नाही. जीआयपी रेल्वेच्या घाटमार्गावर धावलेली आणि चालीवरून ‘खेकडा’ असे नाव पडलेली विजेची इंजिने मुळात याच कारखान्याची. त्यांचा टर्बोशी अर्थातच काही संबंध नव्हता.

आता मुख्य गोष्ट. १९२५ मध्ये ब्यूखी यांनी दुसरे पेटंट घेतले आणि या वेळी ते स्वतःच्या नावावर घेतले. १९०५ चे पेटंट प्रसिद्ध आहे. पण टर्बोचार्जर खऱ्या अर्थाने उपयोगी झाला तो या दुसऱ्या पेटंटमुळे, आणि ब्यूखी यांचे अभियंता म्हणून मोठेपण शोधायचे तर ते येथे शोधावे लागते.

बुलेट मोटारसायकलचा ठोका सर्वांच्या परिचयाचा आहे. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडताच सिलिंडरमध्ये कोंडलेला वायू धक्क्यासरशी बाहेर पडतो, तो हा आवाज. प्रत्येक ठोक्यात शक्ती असते. सर्व सिलिंडरांचे वायू आधी एका मोठ्या टाकीवजा नळीत सोडले आणि तेथून संथपणे टर्बाइनवर नेले, तर हे ठोके त्या पोकळीत विरून जातात. टर्बाइनला सारखा, शांत प्रवाह मिळतो हे खरे, पण दोन तोटे होतात. एक म्हणजे त्या पोकळीत कायम दाब साचलेला राहतो आणि सिलिंडर पूर्ण रिकामा होत नाही. दुसरे म्हणजे इंजिनावरचा भार अचानक वाढला, तर आधी ती पोकळी भरायची, मग टर्बाइनचा वेग वाढायचा, मग हवा यायची. चालकाला जाणवणारा उशीर तो हाच.

ब्यूखी यांनी ती पोकळीच काढून टाकली. अरुंद आणि आखूड नळ्यांतून प्रत्येक ठोका थेट टर्बाइनच्या पात्यांवर नेऊन आदळवायचा, ही त्यांची युक्ती. पण सगळ्या सिलिंडरांचे ठोके एकाच नळीत आले तर ते एकमेकांच्या पायात पाय घालतील. म्हणून ज्या सिलिंडरांचे वायू पुरेशा अंतराने सुटतात, तेवढेच एका नळीला जोडायचे. सहा सिलिंडरांच्या इंजिनात १-५-३-६-२-४ असा जळण्याचा क्रम असेल, तर पहिले तीन एका नळीत आणि शेवटचे तीन दुसऱ्या नळीत. दोन ठोक्यांच्या मधल्या काळात नळीतला दाब उतरतो. नेमक्या त्या क्षणी हवा आत घेणारा आणि वायू बाहेर सोडणारा, असे दोन्ही व्हॉल्व्ह थोडा वेळ एकत्र उघडे ठेवायचे. मग ताजी हवा सिलिंडर धुऊन काढते, उरलेला धूर बाहेर लोटते आणि जाता जाता दट्ट्या व व्हॉल्व्ह थंडही करते. नळ्यांची रुंदी आणि व्हॉल्व्हची वेळ यांचा हा मेळ इतका साधा वाटतो, की तो सापडायला वीस वर्षे का लागली असा प्रश्न पडावा. पण आधीची सारी खटपट टर्बाइन सुधारण्यासाठी चालली होती. दोष टर्बाइनइतकाच त्याच्यापर्यंत जाणाऱ्या वाटेत आहे, हे ब्यूखी यांनी पाहिले.

याचा निकाल समुद्रावर लागला. व्हर्सायच्या तहाने पूर्व प्रशिया हा प्रांत उर्वरित जर्मनीपासून तुटला होता. तेथे जाण्यासाठी बाल्टिक समुद्रातून प्रवासी बोटी सुरू करण्यात आल्या. त्यांतल्या ‘प्रॉयसन’ आणि ‘हान्झेश्टाट डान्झिग’ या दोन बोटी १९२६ च्या. त्यांच्या दहा सिलिंडरांच्या डिझेल इंजिनांना ब्यूखी यांच्या देखरेखीखाली टर्बोचार्जर बसवले गेले आणि १७५० अश्वशक्तीचे इंजिन २५०० अश्वशक्ती देऊ लागले. तेवढ्याच लोखंडातून जवळजवळ दीडपट शक्ती! त्याच सुमारास ब्यूखी, ब्राउन बोव्हेरी आणि एसएलएम यांनी मिळून एक कंपनी स्थापन केली. ‘ब्यूखी सिंडिकेट’ या नावानेच ती ओळखली जाई. अभियांत्रिकी आणि ग्राहकांची बाजू ब्यूखी यांच्याकडे, टर्बो बनवणे ब्राउन बोव्हेरीकडे आणि चाचण्यांसाठी इंजिने एसएलएमची, अशी वाटणी होती. देशोदेशीच्या इंजिन कारखान्यांनी परवाने घेतले. अमेरिकेत एलियट कंपनी ब्यूखी पद्धतीचे टर्बो बनवू लागली आणि ते अल्को कंपनीच्या रेल्वे इंजिनांवर चढले. स्वित्झर्लंडच्याच साऊरर कंपनीने तिसाव्या दशकात मालमोटारींच्या डिझेल इंजिनांसाठी टर्बोचा वापर सुरू केला.

अल्कोचे नाव निघाले म्हणून एक दृश्य आठवते. याच कंपनीच्या रचनेची डब्ल्यूडीएम-२ ही २६०० अश्वशक्तीची डिझेल इंजिने १९६२ पासून भारतात आली आणि पुढे वाराणसीच्या कारखान्यात बनू लागली. दौंड किंवा मनमाडला गाडी सुटताना त्या इंजिनातून काळ्याभोर धुराचा लोट उसळत असे आणि थोड्या वेळाने तो आपोआप निवळत असे. स्थानकावर उभ्या असलेल्या पिढ्यांनी हे पाहिले आहे. तो लोट म्हणजे डोळ्यांना दिसणारा टर्बो लॅगच. ड्रायव्हरने जादा इंधन सोडलेले असे, पण टर्बोचे चाक अजून वेगात यायचे असे. हवा अपुरी, इंधन जास्त, म्हणून काजळी. आजच्या मोटारीत असा धूर दिसत नाही, कारण हवा येईपर्यंत संगणकच इंधन रोखून धरतो. धूर गेला आणि त्याच्या जागी गाडीचा थबका आला, असे म्हणता येईल.

या थबक्याला आणखी एक भागीदार आहे आणि त्याचीही जन्मतारीख १९०५ चीच आहे. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये इंजिनाची शक्ती तेलाच्या माध्यमातून पुढे नेणारा टॉर्क कन्व्हर्टर हा हर्मान फ्योटिंगर या जर्मन अभियंत्याचा शोध. श्टेटिन येथील व्हल्कन जहाजबांधणी कारखान्यात काम करताना, वाफेचे वेगवान टर्बाइन आणि संथ फिरणारा पंखा यांची जोडणी करण्यासाठी त्यांनी तो योजला आणि त्याचे पेटंट १९०५ मध्येच घेतले. म्हणजे आजच्या टर्बो एसयूव्हीच्या बॉनेटखाली शेजारी शेजारी बसलेल्या या दोन्ही यंत्रांनी उमेदवारी केली ती जहाजांवर. जहाज बंदर सोडले की तासन्‌तास एकाच गतीने चालते. अर्ध्या सेकंदात उसळी घेण्याची अपेक्षा त्याच्याकडून कोणी करत नाही. ती अपेक्षा घाटात ट्रेलरच्या मागे अडकलेल्या चालकाची आहे.

मोठ्या सागरी इंजिनांनी तर सत्तरच्या दशकाच्या अखेरीस ब्यूखी यांची ठोक्यांची पद्धत सोडून पुन्हा संथ दाबाची वाट धरली. टर्बाइन तोवर इतके सुधारले होते, की स्थिर गतीवर तीच पद्धत अधिक फायद्याची ठरली. ब्यूखी यांचे उत्तर ज्यांच्यासाठी तयार झाले त्यांनी ते बाजूला ठेवले आणि ज्यांचा विचार तेव्हा फारसा कोणी केला नव्हता त्या मोटारींनी ते उचलले, हा इतिहासाचा गमतीदार उलटफेर आहे.

मोटारींचे हे पर्व पाहणे मात्र ब्यूखी यांच्या नशिबी नव्हते. २७ ऑक्टोबर १९५९ रोजी विंटरथूर येथेच, वयाच्या ऐंशीव्या वर्षी त्यांचे निधन झाले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९६२ मध्ये, अमेरिकेत ओल्ड्समोबिल जेटफायर आणि शेव्हर्ले कॉर्व्हेर या टर्बो लावलेल्या मोटारी बाजारात आल्या. जेटफायरला इंजिनाची खटखट टाळण्यासाठी पाणी आणि मिथेनॉल यांचे मिश्रण वेगळ्या टाकीत भरावे लागे. मालकांना ते लक्षात राहत नसे. १९७३ ची बीएमडब्ल्यू २००२ टर्बो तर उशिरा येणाऱ्या आणि आल्यावर न आवरणाऱ्या शक्तीसाठीच गाजली. साब आणि मर्सिडीझ यांनी १९७८ च्या सुमारास टर्बोला रोजच्या वापराइतके माणसाळवले. पहिल्याने पेट्रोल मोटारीत, दुसऱ्याने डिझेलमध्ये.

आज भारतातल्या डिझेल एसयूव्हींमध्ये टर्बो सर्रास असतो आणि पेट्रोलमध्येही तो वेगाने रुळला आहे. त्याचे चाक मिनिटाला एक ते दोन लाख फेऱ्या घेते. इतक्या वेगाला पोहोचायला त्याला वायू हवेत, वायू मिळायला इंधन जळावे लागते आणि इंधन जळायला हवा हवी. हवा तर तेच चाक देणार! या चक्राची सुरुवात इंजिनाच्या कमी फेऱ्यांवर सर्वांत कष्टाची असते. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स इंधन वाचवण्यासाठी गाडीला शक्य तेवढ्या वरच्या गिअरमध्ये ठेवतो. त्यामुळे इंजिन चौदाशे-पंधराशे फेऱ्यांवर सुस्तावलेले असते. अशा वेळी पाय दाबला, की आधी गिअर उतरण्याचा वेळ आणि मग टर्बो जागा होण्याचा वेळ, असे दोन उशीर एकावर एक चढतात. म्हणून ओव्हरटेक करण्याआधीच मॅन्युअल किंवा स्पोर्ट मोडमध्ये एक गिअर खाली घेऊन ठेवणे हा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. इंजिनाच्या फेऱ्या वर असतील तर टर्बो आधीच जागा असतो. बाजारात मिळणारी, अ‍ॅक्सिलरेटरच्या वायरीत बसवण्याची छोटी उपकरणे पेडलचा संदेश वाढवून सांगतात, एवढेच. टर्बोचे चाक त्यांनी तिळभरही लवकर फिरत नाही.

नवी गाडी असताना नव्हता असा उशीर पुढे जाणवू लागला, तर मात्र तो दोष असतो आणि तो बहुधा ब्यूखी यांनी दाखवलेल्या जागीच, म्हणजे हवेच्या आणि वायूंच्या वाटेवरच सापडतो. चोंदलेला एअर फिल्टर, इंटरकूलरच्या रबरी नळीला गेलेली चीर, सैल झालेला क्लॅम्प, काजळीने माखलेला हवेच्या दाबाचा सेन्सर. टर्बोची फिरती पाती काजळीने अडकली, तरी हेच होते. सतत शहरातल्या तुंबलेल्या रहदारीत चालणाऱ्या डिझेल गाड्यांना हा त्रास अधिक, कारण इंजिन पुरेसे तापतच नाही. गिअरबॉक्सचे तेल आयुष्यभर बदलावे लागत नाही अशी समजूतही पुष्कळांना महाग पडते. जुने झालेले तेल गिअरच्या बदलात अडखळ आणते आणि दोष टर्बोच्या माथी येतो. हे सारे तपासून घेण्याआधीच टर्बो बदलण्याचा सल्ला कोणी दिला, तर थोडे थांबलेले बरे. तो खर्च लहान नसतो.

अभियंत्यांनी उशिरावर पुष्कळ तोडगे काढले. चाक लहान केले, एकाऐवजी दोन टर्बो लावले, वायूंच्या प्रवाहानुसार वळणारी पाती बसवली. २०१६ मध्ये ऑडीच्या एसक्यू-७ या डिझेल एसयूव्हीमध्ये विजेच्या मोटारीवर चालणारा कॉम्प्रेसर आला. तो वायूंची वाट न पाहता लगेच हवा देतो आणि टर्बो जागा झाला की बाजूला होतो. तरीही चार सिलिंडरांच्या बऱ्याच पेट्रोल गाड्यांत ‘ट्विन स्क्रोल’ या नावाने जे मिरवते, ती मांडणी १९२५ मधलीच आहे. पहिल्या आणि चौथ्या सिलिंडरचे वायू एका वाटेने, दुसऱ्या आणि तिसऱ्याचे दुसऱ्या वाटेने, थेट टर्बाइनच्या पात्यांपर्यंत.